दिवाळी अंक असो की सोसायटीचा अहवाल: लिहायला कुठलं ॲप घ्यायचं, कामांच्या यादीला कुठलं

ॲप निवडायचं म्हटलं की लोक आधी यूट्यूबवर जातात, तिथे कुणीतरी चकाचक टेबलावर बसून नोशन नावाच्या नोंदींच्या ॲपमध्ये आख्खं आयुष्य मांडून दाखवत असतो, ते बघून आपणही डाउनलोड करतो, दोन दिवस रंगीत पानं बनवतो आणि तिसऱ्या दिवशी परत व्हॉट्सॲपवर "अरे तो लेख कुठाय" सुरू. असं होतं कारण आपण ॲप बघत बसतो, आपलं काम काय आहे ते कुणी बघतच नाही.

म्हणून इथे एकच काम धरून बोलू. समजा एक छोटा दिवाळी अंक आहे, मोठ्या प्रकाशनाचा नाही, चार-पाच हौशी लोक मिळून काढतात तसला. संपादक पुण्यात, मुद्रितं तपासणाऱ्या मावशी सांगलीत, जाहिराती गोळा करणारा दादा दिवसभर स्कूटरवर, मांडणी करणारा डीटीपीवाला नाशिकला, आणि एक लेखिका न्यू जर्सीत, म्हणजे तिची सकाळ उजाडते तेव्हा आपली संध्याकाळ झालेली असते. मंडळाची स्मरणिका, सोसायटीचा वार्षिक अहवाल, शाळेचा अंक, काहीही घ्या, माणसं साधारण अशीच असतात.

आता एक कागद घ्या (हो, कागदच) आणि दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. पहिला, हे लिखाण शेवटी कुणाच्या हातात जाणारे? छापखान्यात, सरकारी ऑफिसात, का नुसतं लोकांच्या फोनवर पीडीएफ म्हणून? दुसरा, तुमच्यातला सगळ्यात विसरभोळा कोण आणि तो दिवसभर फोनवर नक्की काय उघडून बसतो? पहिल्या उत्तरावरून लिखाणाचं ॲप ठरतं आणि दुसऱ्यावरून कामांच्या यादीचं. फीचर, रंग, एआय बटणं वगैरे सगळं त्यानंतर.

आणि अजून एक, माझं तरी ठाम मत आहे, ही दोन कामं एकाच ॲपमध्ये कोंबू नका. लेख वर्षानुवर्षं ठेवायचा असतो, त्याच्या जुन्या प्रती लागतात, त्यावर चार जणांचे हात फिरतात. "कापडवाल्याला जाहिरातीसाठी फोन कर" हे काम संध्याकाळी झालं की संपलं, उद्या ते दिसायलाही नको. दोन्ही एकत्र ठेवलं की लेखांच्या पानात फोन नंबर आणि कामांच्या यादीत अर्धवट परिच्छेद, असा राडा होतो.

लिखाणाचं ॲप, पण आधी फॉन्टचं काय ते बघा

मराठीत काम करणाऱ्याला एक अडचण येते जी इंग्लिश तुलना-व्हिडिओत कधीच दिसणार नाही, ती म्हणजे जुने फॉन्ट. आपल्याकडची डीटीपीची दुकानं वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम असल्या सॉफ्टवेअरवर चालत आलीत आणि त्यातले जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसतात. म्हणजे फाइलच्या आत खरं तर इंग्लिश अक्षरं-चिन्हंच साठवलेली असतात, वरून फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे फाइल उघडली की मजकुराच्या जागी नुसता कचरा. अशी फाइल तुम्ही गूगल डॉक्समध्ये टाका नाहीतर जगातल्या सगळ्यात महागड्या ॲपमध्ये टाका, काहीही उपयोग नाही, शोधता येत नाही, फोनवर वाचता येत नाही, काहीच नाही.

त्यामुळे ॲप ठरवायच्या आधी डीटीपीवाल्याला फोन करा आणि सरळ विचारा, "युनिकोड मजकूर घेता का, आणि पानं कशात लावता?" तो पेजमेकर म्हणाला तर समजून जा. पेजमेकर ७ हे २००१ सालचं, त्यात युनिकोड मराठी चालत नाही, त्यामुळे तो तुमचा मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये घेणार, आणि त्यात रफार, ऱ्ह-ऱ्य, ॲ-ऑ, अवतरणचिन्हं, मोठी जोडाक्षरं यांची वाट लागायची शक्यता असतेच. इनडिझाइन म्हणाला तर बरंय, पण त्यालाही एवढं विचारा की वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जुळवणारी सेटिंग) सुरू आहे ना, कारण ते बंद असलं की जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरापाशी जाऊन बसते.

यातून नियम असा निघतो की सगळ्यांनी टायपिंग युनिकोडमध्येच करायचं, फोनवर जीबोर्ड असो की कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट, आणि जुन्या फॉन्टमध्ये जायचंच असेल तर ते एकदाच, अगदी शेवटी, डीटीपीवाल्याकडे. एकदा कन्व्हर्ट झालं की मूळ डॉक्युमेंटला कुणीही हात लावायचा नाही, पुढच्या दुरुस्त्या पानांच्या पीडीएफवर. नाहीतर मावशी डॉक्समध्ये दुरुस्त करणार, तो पानात दुरुस्त करणार, आणि छापून येताना दोन्हीकडच्या निम्म्या-निम्म्या दुरुस्त्या गायब.

आणखी एक सोपी चाचणी सांगतो. एक ओळ बनवून ठेवा: "ॲप, ऑफिस, कुऱ्हाड, दऱ्या, ज्ञानेश्वर, शृंगार, उच्छ्वास, द्वंद्व, लक्ष्मी, पुनर्रचना". जे ॲप वापरून बघताय त्यात ही ओळ चिकटवा, फोनवर बघा, कॉम्प्युटरवर बघा, पीडीएफ काढून बघा, आणि ती पीडीएफ दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. सगळीकडे नीट दिसली तर ॲप पहिल्या फेरीत पास. यात दोन मिनिटं जातात आणि नंतरचे दोन महिने वाचतात.

गूगल डॉक्स

आमच्या उदाहरणातल्या टीमला मी डोळे झाकून हेच सांगेन. फुकट आहे, जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनवाल्याचं गूगल अकाउंट आधीच असतं, आणि मुख्य म्हणजे फाइल एकच राहते, ती मेलवरून इकडून तिकडे फिरत नाही.

पण नुसतं "डॉक्स वापरू" म्हणून भागत नाही, त्यातलं सजेस्टिंग मोड वापरलं नाही तर अर्धा फायदा वाया. कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलचं चिन्ह असतं, तिथे एडिटिंगच्या ऐवजी सजेस्टिंग निवडा, फोनवर तीन टिंबांच्या मेनूत सजेस्ट चेंजेस असतं ते चालू करा. मग मावशींनी "आणी" चं "आणि" केलं की ते थेट बदलत नाही, रंगीत सूचना म्हणून दिसतं, आणि लेखिका न्यू जर्सीत सकाळी उठून बरोबरच्या खुणेवर टिचकी मारते की झालं. लेखकाला न विचारता वाक्यं बदलली म्हणून होणारी भांडणं यामुळे पुष्कळ कमी होतात, कारण कुणी काय बदललं ते नावासकट समोर असतं. तेही हुकलं तर व्हर्जन हिस्टरी आहेच, फाइल मेनूत जाऊन कालची प्रत काढता येते. महत्त्वाच्या टप्प्याला त्या प्रतीला नाव देऊन ठेवा, "मावशींची पहिली तपासणी", "डीटीपीला दिलेली", असं, म्हणजे नंतर तारखांच्या जंगलात शोधत बसावं लागत नाही.

शेअर करताना मात्र लक्ष द्या. लिंक असलेला कुणीही एडिट करू शकेल असं ठेवलं आणि ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की कुणाच्या तरी अंगठ्याने परिच्छेद उडणारच, आणि उडवणारा अनोळखी प्राण्याच्या नावाने दिसेल, हो, अकाउंटशिवाय आलेल्या लोकांना गूगल प्राण्यांची नावं देतं, त्यामुळे "कोल्ह्याने लेख उडवला" एवढंच कळेल. म्हणून मावशींना त्यांच्या ईमेलवर कमेंटर म्हणून घ्या, संपादकाला आणि लेखिकेला एडिटर (सूचना मान्य करायला एडिटरच लागतो), बाकी सगळ्यांना व्ह्यूअर. कमेंटरलाही सूचना करता येतात, त्यामुळे मावशींना एडिटर करायची गरजच नाही.

बोलून टाइप करायची सोय मराठीत आहे, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, कॉम्प्युटरवर क्रोममध्ये चालतं. ज्येष्ठ लेखक हाताने लिहून फोटो पाठवतात त्यांच्यासाठी हे फारच उपयोगी, कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवायचं. पूर्णविराम, स्वल्पविराम नंतर हाताने घालायची तयारी ठेवा. छापील जुन्या मजकुराचा फोटो असेल तर तो ड्राइव्हवर चढवून "ओपन विथ गूगल डॉक्स" केलं की फोटोतला मजकूर टाइप केल्यासारखा मिळतो, अगदी शंभर टक्के नाही, पण टायपिंगचा बराच त्रास वाचतो.

शुद्धलेखन तपासायला मात्र कुठल्याच ॲपवर मराठीत भरवसा ठेवू नका. लाल रेघा आल्या तरी ठीक, नाही आल्या तरी ठीक, मावशी हव्यातच.

फॉन्टच्या यादीत "मोअर फॉन्ट्स" मध्ये जाऊन लिपी देवनागरी निवडली की मुक्ता, बालू वगैरे मिळतात, हे दोन्ही मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, स्क्रीनवर वाचायला छान. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील आणि अनेकांना ते हवेच असतात, तर तिरो देवनागरी मराठी बघा, त्यात ते मुळातच मराठी वळणाचे आहेत. अर्थात अंक छापायचाच असेल तर फॉन्ट शेवटी डीटीपीवाला ठरवणार, त्यामुळे डॉक्समध्ये सजावटीत वेळ घालवू नका, फक्त शीर्षकाला हेडिंग स्टाइल लावा, बाकी साधं ठेवा.

आता तोटे. इंटरनेट नसेल तर आधीच ऑफलाइनची सोय चालू करून ठेवावी लागते, ऐन वेळी आठवून उपयोग नाही. आणि फुकटची १५ जीबी जागा ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे, शिवाय अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. ती भरली की नवीन डॉक्युमेंट बनत नाही आणि मेलसुद्धा यायचे थांबतात. ऐन सप्टेंबरमध्ये लेखकांचे मेल यायचे थांबले तर काय होईल विचार करा, आणि कारण काय तर गुड मॉर्निंगचे व्हिडिओ.

वर्ड कधी

तुमचं लिखाण सरकारी ऑफिस, विद्यापीठ, कोर्ट किंवा मोठ्या प्रकाशकाकडे जाणार असेल आणि ते लोक वर्डची फाइलच मागत असतील तर उगाच वाद घालू नका, वर्ड घ्या. प्रबंध, दोनशे पानांचा अहवाल, तळटीपा, अनुक्रमणिका, विभागवार वेगळे पानक्रमांक, असल्या कामात वर्ड अजूनही डॉक्सच्या बरंच पुढे आहे.

पैसे भरायच्या आधी हे माहीत असू द्या की ब्राउझरमधलं वर्ड मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर फुकट आहे, सोबत वनड्राइव्हवर ५ जीबी मिळतात, आणि १०.१ इंचापेक्षा लहान स्क्रीनच्या फोन-टॅबवर वर्ड ॲपमध्ये साधं एडिटिंगही फुकट. घरात चार जणांना लागत असेल तर फॅमिली प्लॅन सहा जणांपर्यंत वाटून घेता येतो, एकट्याने एकट्यासाठी घेण्यापेक्षा ते परवडतं.

वर्डमध्ये लोक ज्याने हैराण होतात ते मराठीचं असं, की देवनागरीचा फॉन्ट आणि साइज हे वर्ड "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट" या वेगळ्या खात्यात ठेवतं. तुम्ही वरून साइज १४ करता आणि मराठी मजकूर कधीकधी ढिम्म हलत नाही, तेव्हा कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा आणि तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सखाली फॉन्ट-साइज बदला, बहुतेक वेळा तिथेच गोम असते. लिब्रेऑफिसमध्येही हेच आहे, तिथे त्याला सीटीएल म्हणतात.

आणि वर्डचा जो खरा रोग आहे तो म्हणजे फाइलची पिल्लं. "लेख फायनल", "लेख फायनल नवीन", "लेख खरंच फायनल मावशी". यावर उपाय एकच, फाइल वनड्राइव्हवर ठेवा आणि लिंक शेअर करा, ऑटोसेव्हही तेव्हाच चालतं, फाइल नुसती डेस्कटॉपवर असेल तर नाही. रिव्ह्यूमधलं ट्रॅक चेंजेस म्हणजे डॉक्सच्या सजेस्टिंगचाच भाऊ. एखादा लेखक वर्डशिवाय हलायलाच तयार नसेल तर त्याची फाइल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्येच उघडा, त्याचे ट्रॅक केलेले बदल सूचना म्हणून दिसतात, त्याला कळणारही नाही तुम्ही काय वापरताय.

लिब्रेऑफिस कुणासाठी? जुना लॅपटॉप, नेट अधूनमधून, पैसे शून्य, आणि लिहिणारा एकटा. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालं, पूर्ण मोफत आणि मुक्त, मेनूसुद्धा मराठीत करता येतात. पण चार जणांनी चार गावांतून एकाच फाइलवर काम करायचं असेल तर यात पडू नका.

झोहो रायटर हा खरोखर चांगला पर्याय आहे आणि लोक उगाच त्याला नवीन समजतात, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर जातोय असं जाहीर केलं तेव्हा कित्येकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. चेन्नईची कंपनी, रायटर २००५ पासूनचं, म्हणजे गूगल डॉक्सच्या आधीचं. दिसायला शांत, सूचना-तपासणी सगळं आहे. अडचण एकच, तुमच्या टीममधल्या प्रत्येकाला नवीन अकाउंट काढायला लावावं लागतं, आणि मावशी, दादा, लेखिका या तिघांना एकाच आठवड्यात नवीन पासवर्ड लक्षात ठेवायला लावणं हे काम किती अवघड आहे ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. टीमने आधीच झोहोचा मेल घेतला असेल तर मात्र जरूर तेच घ्या.

कामांची यादी: विसरभोळ्या माणसाच्या मागे जा

आता दुसरा प्रश्न. आपल्या टीममध्ये विसरभोळा समजा जाहिरातीवाला दादा. तो दिवसभर व्हॉट्सॲप आणि फोनच्या कॉल लिस्टवर असतो. त्याला तुम्ही आसना किंवा क्लिकअप असलं टीमच्या कामांचं ॲप दाखवलंत तर तो "मस्त आहे" म्हणेल आणि पुन्हा कधीही उघडणार नाही. यादी कितीही सुंदर असली तरी ज्याने बघायची तो बघत नसेल तर ती यादी नाही.

तुम्ही एकटेच असाल, म्हणजे कामं तुमचीच आणि आठवणही तुम्हालाच हवी, तर गूगल टास्क्स पुरे. जीमेल उघडलं की उजवीकडे असतं, तारीख टाकली की कॅलेंडरमध्ये दिसतं, दर सोमवारचं काम एकदाच लिहायचं. पण ती यादी दुसऱ्याशी शेअर करता येत नाही, हे लोकांना वापरायला लागल्यावर कळतं आणि मग चिडचिड होते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. शेअर करायला गूगल कीप आहे, चौकोनांची यादी करा, दुसऱ्याला त्यात घ्या, दोघांच्या फोनवर एकच यादी. दोघा-तिघांत, वाणसामान छाप कामांना कीप एक नंबर, पण कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत हे प्रत्येक ओळीला लावता येत नाही, त्यामुळे अंकासारख्या कामाला ते लवकरच कमी पडतं.

मायक्रोसॉफ्ट टू डू हे मला वाटतं आपल्याकडे फारच दुर्लक्षित राहिलंय. फुकट, यादी लिंकने शेअर होते, शेअर केलेल्या यादीत काम नावावर टाकता येतं, आणि "माय डे" नावाचं एक पान आहे जे रोज रात्री कोरं होतं, सकाळी आजची तीन-चार कामं निवडून त्यात घ्यायची. ते कोरं होणंच चांगलं, कालची न झालेली कामं डोक्यावर बसत नाहीत, यादीत असतात, पण आज तोंडावर येत नाहीत. दादाला एखादं ॲप द्यायचंच असेल तर मी हे देईन.

टोडूइस्ट ज्यांना भराभर टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी, "एव्हरी फ्रायडे" असं लिहिलं की ते स्वतःच दर शुक्रवारी लावतं. पण ही हुशारी मराठीत चालत नाही, कामाचं नाव मराठीत लिहा, वार-तारीख इंग्लिशमध्ये, अशी खिचडी करावी लागते. फुकटच्या प्लॅनमध्ये पाच प्रोजेक्ट, एकट्याला पुरतात.

अंकाच्या टीमसाठी खरं औषध ट्रेलो. एक बोर्ड, त्यात उभे रकाने, रकान्यात कार्डं, कार्ड एका रकान्यातून पुढच्या रकान्यात ढकलत न्यायचं. प्रत्येक लेख म्हणजे एक कार्ड. रकाने असे ठेवा: "मागितला", "आला", "मावशींकडे", "लेखकाची मान्यता", "डीटीपीला", "पानात लागला", "छपाईला गेला". प्रत्येक कार्डात त्या लेखाच्या गूगल डॉक्सची लिंक, ज्याच्याकडे काम आहे त्याचं नाव, आणि शेवटची तारीख. बोर्डाकडे नुसती नजर टाकली तरी कळतं की मावशींच्या रकान्यात नऊ कार्डं साचलीत आणि डीटीपीवाला रिकामा बसलाय, आणि हे जे कळणं आहे ना ते कुठल्याही साध्या यादीतून कळत नाही. कन्व्हर्ट केल्यानंतरच्या तपासणीला वेगळा रकाना द्यायचा की नाही हे डीटीपीवाल्याच्या पेजमेकर-इनडिझाइनवर ठरवा. जाहिरातींचा बोर्ड वेगळा करा, "बोलणं झालं", "मजकूर आला", "पैसे आले", यातला शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

ट्रेलो फुकटात एका वर्कस्पेसमध्ये दहा बोर्ड आणि दहा माणसांपर्यंत चालतं, जोडलेली फाइल प्रत्येकी १० एमबीपर्यंत. फोटो मोठे असतात, ते ड्राइव्हवर ठेवा आणि लिंक लावा, थेट कार्डावर चढवू नका.

आणि दादा? दादाला बोर्डवर आणायचा हट्ट सोडा. एकाने बोर्ड सांभाळायचा आणि रोज सकाळी दादाची तीन कामं व्हॉट्सॲपवर त्याच्या वैयक्तिक चॅटमध्ये टाकायची, ग्रुपवर नाही. संध्याकाळी तो "१ झालं, २ उद्या" एवढं टाकतो, बोर्ड सांभाळणारा कार्ड हलवतो. ग्रुपवर फक्त एक मेसेज पिन करून ठेवा ज्यात बोर्डची आणि ड्राइव्ह फोल्डरची लिंक आहे, पिन तीस दिवसांपर्यंतच राहतो, म्हणून त्याच लिंका ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येही टाका, तिथून त्या जात नाहीत.

नोशनबद्दल लोक विचारतातच. एकट्याला अभ्यास, वाचनाच्या नोंदी, संशोधन यासाठी ते खूपच छान आहे आणि एकट्याला फुकटही. पण वर्कस्पेसमध्ये दुसरा मेंबर घेतला की फुकटच्या प्लॅनला एक हजार ब्लॉकची मर्यादा लागते, आणि नोशनमध्ये प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक ओळ-चौकोन म्हणजे एक ब्लॉक, त्यामुळे हजार हा आकडा ऐकायला मोठा वाटला तरी टीमचा अंक त्यात बसत नाही. शिवाय नोशन लावायलाच एवढी मजा येते की लावण्यातच ऑगस्ट संपतो.

घ्यायच्या आधी बाहेर पडायचा रस्ता बघा

ॲप कायम राहतं असं समजू नका. वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं ॲप केवढं लोकप्रिय होतं, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं, लोकांना टू डू वर जावं लागलं. नोंदी ठेवायचं एव्हरनोट बंद नाही झालं, पण डिसेंबर २०२३ पासून फुकटवाल्यांना ५० नोंदी आणि एकच वही, ज्यांनी दहा वर्षांचं सगळं त्यात कोंबलं होतं त्यांनी एकतर पैसे भरले नाहीतर बाड-बिस्तरा उचलला. म्हणून पहिल्याच दिवशी, आत काही नसताना, एक्स्पोर्टचं बटण शोधा. डॉक्समधून वर्ड फाइल आणि पीडीएफ निघते, आख्खं एकदम हवं असेल तर गूगल टेकआउट आहे, नोशनमधून साध्या मजकुराच्या फाइली निघतात, ट्रेलोमधून निघतं ते साध्या माणसाला वाचता येईल असं नसतं, म्हणून अंक संपला की बोर्डची पीडीएफ छापून ठेवलेली बरी. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये ती वरची कुऱ्हाड-दऱ्याची ओळ परत एकदा बघा, काही ॲपमधून बाहेर पडताना मराठीचे नुसते चौकोन होतात.

चाचणी घ्यायची तर खोटी नको. एक खरा लेख घ्या, शक्यतो छोटी कविता नाही, तळटीपावाला लांबलचक लेख, आणि तो लेखकापासून डीटीपीपर्यंत त्याच ॲपमधून न्या, मावशींसकट. त्यात कोण कुठे अडलं तेवढं लिहून ठेवा. मावशी दोनदा फोन करून "ते हिरवं कसं घालवायचं" विचारतायत हे ठीक आहे, तिसऱ्यांदा विचारत नाहीत. पण त्यांनी परत प्रिंट काढून लाल पेनाने तपासून फोटो पाठवला तर समजा की तुमचं ॲप त्यांना झेपलेलं नाही, आणि मग त्यांना लाल पेन वापरू द्या, कुणीतरी तरुण मंडळींनी त्या दुरुस्त्या डॉक्समध्ये चढवायच्या, चांगल्या मुद्रितशोधक सहज मिळत नाहीत, ॲपं ढिगाने मिळतात. ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र ॲप बदलू नका, कितीही वाईट असलं तरी. बदलायचं असेल तर दिवाळीनंतर.

फोल्डर कुणाच्या अकाउंटवर बनवायचा हे सुरुवातीलाच ठरवा. संपादकाच्या खाजगी अकाउंटवर बनवला आणि पुढच्या वर्षी संपादक बदलले की मग "जरा ॲक्सेस देता का" अशी विनंत्यांची रांग लागते. अंकाच्या नावाने वेगळं गूगल अकाउंट काढा, सगळे फोल्डर आणि ट्रेलोचा बोर्डही त्यावरून बनवा, आणि अंक नसतानाच्या महिन्यांतही अधूनमधून लॉगिन करत राहा, कारण दोन वर्षं हात न लावलेलं अकाउंट गूगल काढून टाकू शकतं. पासवर्ड दोघांकडे असू द्या. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनला नंबर अशा माणसाचा द्या जो रात्री अकरालाही फोन उचलून ओटीपी सांगेल, म्हणजे दादाचा नको.